आजोबांची गोळी, नातवाचे केस

कॉटन ग्रीन स्थानक आणि काळाचौकी यांच्या दरम्यान माझा दवाखाना आहे. गेली २७ वर्षे मी येथे कुटुंबाचा डॉक्टर म्हणून काम करतो आहे. सुरुवातीच्या काळात माझ्यासमोर बसणारे बहुतेक जण गिरणीत, गोदीत किंवा कापसाच्या वखारीत उमेद घालवलेले असत. त्यांच्या तक्रारी खोकला, दमा, गुडघे आणि कंबर यांच्याभोवती फिरत. आज त्यांचे नातू माझ्याकडे येतात. त्यांना आम्लपित्त असते, झोप नसते, मान आखडलेली असते आणि पंचविशीच्या आतबाहेर असलेल्या कित्येकांना आणखी एक तक्रार असते, जी ते निघता निघता, दाराशी उभे राहून सांगतात. केस जात आहेत.

पुष्कळदा ही तक्रार तरुण स्वतः सांगतच नाही. सोबत आलेली आजी किंवा आई सांगते. “डॉक्टर, याच्या केसांचं काहीतरी करा हो. स्थळं बघतोय आम्ही.” आणि तो मुलगा मोबाईलकडे पाहत गप्प बसतो. हा लेख मी त्या आजी-आजोबांसाठी आणि घरात कोणाची ना कोणाची काळजी वाहणाऱ्या वाचकांसाठी लिहितो आहे. केस गळण्यावरची औषधे मोजकीच आहेत आणि त्यांची माहिती एका बैठकीत सांगता येते. अवघड असतो तो निर्णय: उपचार करायचा का, कोणता करायचा, आणि तो कोणी ठरवायचा. या निर्णयात घरातील वडीलधाऱ्यांचा वाटा त्यांना वाटतो त्यापेक्षा फार मोठा असतो.

पहिला प्रश्न असा की, केस कोणत्या प्रकारे जात आहेत? सर्व केसगळती एक नसते.

आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, नंतर दोन-तीन महिने विसावतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून नवा केस येतो. त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळणे हे निरोगीपणाचेच लक्षण आहे. कंगव्यात केस दिसले म्हणून घाबरण्याचे कारण नाही.

मात्र मोठा ताप, शस्त्रक्रिया, अचानक घटवलेले वजन किंवा मनाला बसलेला धक्का यांनंतर एकाच वेळी पुष्कळ केस विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळू लागतात. आमच्या भागात पावसाळ्यात डेंग्यू, मलेरिया आणि टायफॉइडचे रुग्ण वाढतात. त्यांतले काही जण दिवाळीच्या सुमारास मूठभर केस कागदात गुंडाळून घेऊन येतात. ताप त्यांच्या स्मरणातून गेलेला असतो, केसांच्या मुळांनी मात्र तो लक्षात ठेवलेला असतो. या प्रकारात टक्कल पडत नाही. नेहमीचा पोटभर आहार आणि काही महिन्यांचा धीर एवढेच औषध बहुधा पुरते. परळच्या टाटा रुग्णालयात केमोथेरपी घेणाऱ्यांचे केस जातात, तेही बहुतेकांच्या बाबतीत उपचार संपल्यावर परत येतात.

नाण्याएवढा गुळगुळीत गोल चट्टा पडतो, त्याला आपण ‘चाई’ म्हणतो. ती शरीराच्या प्रतिकारशक्तीची चूक असते. तिच्यावर कांदा, लसूण किंवा आणखी काही जळजळीत चोळून कातडी भाजून घेतलेले रुग्ण मी पाहिले आहेत. खाज, खपल्या, तुटके केस असतील तर तो नायटा असू शकतो. थायरॉइडचे विकार आणि रक्तक्षय यांतही केस विरळ होतात. या सर्वांचे उपचार वेगळे आहेत. म्हणून आधी निदान, मग बाटली.

निदानाशिवाय केलेले उपाय किती फोल ठरतात, याचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत अनेक स्त्री-पुरुषांचे केस अवघ्या काही दिवसांत हातात येऊ लागले. कोणी पाण्याला दोष दिला, कोणी शॅम्पूला. आयसीएमआरच्या तज्ज्ञांचे पथक गावांत पोहोचले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी केलेल्या तपासण्यांत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळले आणि त्यांचा संशय रेशनच्या गव्हाकडे गेला. एकाच घरातील किंवा वस्तीतील अनेकांचे केस एकाच वेळी जाऊ लागले, तर तेल बदलत बसू नये, आरोग्य केंद्र गाठावे, हा त्यातला धडा.

आता मूळ विषयाकडे येतो. तरुण पुरुषांत सर्वांत जास्त आढळतो तो आनुवंशिक प्रकार. कपाळाच्या दोन्ही कोपऱ्यांतून केस मागे सरकतात, टाळूवर विरळपणा येतो आणि कानांच्या वरचा व मानेवरचा पट्टा मात्र भरगच्च राहतो. येथे केस उपटून निघत नाहीत. ते पिढीगणिक बारीक होत जातात. मुळे आकसतात आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा आखूड व मऊ येतो, अखेर तो लव होऊन राहतो.

घरोघरी या प्रकारावरून वाद होतो. “आमच्याकडे कोणाला टक्कल नाही, हे तुमच्याकडून आलं,” असे सासर-माहेर एकमेकांना ऐकवतात. खरे पाहता एक महत्त्वाचे जनुक आईकडून येते हे खरे असले तरी इतर अनेक जनुके दोन्हीकडून येतात. त्यामुळे दोष वाटून घ्यायचाच असेल तर तो निम्मा-निम्मा घ्यावा आणि चहा प्यावा. हेल्मेट, गाळलेले पाणी, टोपी, रात्री उशिरा आंघोळ यांनी हे टक्कल पडत नाही. व्यायामशाळेत शरीर कमावण्यासाठी दिली जाणारी स्टेरॉइडची इंजेक्शने मात्र ते लवकर आणू शकतात, आणि ती गोष्ट घरी कोणी सांगत नाही.

या टकलामागे पुरुषी संप्रेरक असते हे अमेरिकी शरीररचनाशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ साली दाखवले. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण काढले गेले होते अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. पुढे १९७४ साली डॉमिनिकन रिपब्लिक या देशातील काही कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील काही पुरुषांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉनचे रूपांतर डीएचटी या अधिक प्रभावी संप्रेरकात करणारे विकर जन्मतःच कमी होते. मोठेपणी त्यांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राहिली आणि कपाळावरचे केसही मागे हटले नाहीत. येथूनच एका औषधाची कल्पना पुढे आली: हे विकर थोपवले तर वाढलेली प्रोस्टेट आवरता येईल. ते औषध म्हणजे फिनास्टेराइड. अमेरिकेत १९९२ साली त्याची ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी मान्य झाली आणि १९९७ च्या डिसेंबरात १ मिलिग्रॅमची गोळी तरुणांच्या टकलासाठी.

म्हणजे ज्या घरात आजोबा लघवीच्या त्रासासाठी गोळी घेतात आणि नातवाचे केस जात आहेत, त्या घरात एकच औषध दोघांच्या उपयोगाचे ठरू शकते. हे वाचून आपल्याला कौतुक वाटेल. मला मात्र एक रुग्ण आठवतो. त्याच्या संमतीने, आणि ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून, त्याची हकीकत सांगतो.

मुलगा २६ वर्षांचा. मालवाहतुकीच्या एका कंपनीत नोकरी, लग्न ठरलेले, मुहूर्त साडेचार महिन्यांवर. तो आला चक्कर येते म्हणून. सकाळी उठून उभे राहिले की डोळ्यांपुढे अंधारी येई. एकदा हार्बर गाडीत दाराशी उभा असताना त्याचा तोल गेला आणि शेजारच्या प्रवाशाने त्याला दंडाला धरून आत ओढले. झोपवून घेतलेला रक्तदाब उत्तम होता, उभे केल्यावर तो बराच उतरत होता. जुलाब नाहीत, उपास नाहीत, रक्त कमी नाही. त्याच आठवड्यात त्याचे आजोबा आले. हे आजोबा जुने गिरणी कामगार, १९८२ चा संप पाहिलेले, हिशेबाला पक्के. म्हणाले, “डॉक्टर, दुकानदार गोळ्या कमी देतो की काय? तीस दिवसांच्या गोळ्या तेवीस-चोवीस दिवसांत संपतात.”

मी नातवाला पुन्हा बोलावले, एकट्याला. तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने सांगितले की, आजोबांची गोळी आणि केसांची गोळी एकच असते हे त्याला मित्राने सांगितले होते. आठवड्यातून दोनदा तो एक गोळी काढून घेई, तिचे चार तुकडे करी आणि रोज एक तुकडा घेई.

यात दोन धोके होते. आजोबांची गोळी नुसत्या फिनास्टेराइडची नव्हती. आपल्याकडे प्रोस्टेटसाठी पुष्कळदा जोडगोळी दिली जाते आणि तिच्यात टॅमसुलोसिन हे दुसरे औषध असते. ते लघवीचा मार्ग सैल करते, पण रक्तदाबही उतरवू शकते. ही औषधे शरीरात सावकाश उतरावीत अशा रीतीने बनवलेली असतात. गोळी मोडली की तो बंदोबस्तही मोडतो. निरोगी तरुणाला चक्कर येण्याचे कारण हेच होते. दुसरा धोका त्याच्या वहिनीला होता. ती तेव्हा गरोदर होती आणि घर तीच आवरत असे. फिनास्टेराइडची अखंड गोळी हाताळल्याने सहसा काही होत नाही, परंतु गरोदर स्त्रीने मोडलेल्या गोळीला किंवा तिच्या भुकटीला स्पर्श करू नये, कारण गर्भ मुलाचा असल्यास त्याच्या अवयवांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. सुदैवाने तो तुकडे आपल्या बॅगेतल्या डबीत ठेवत असे. तिच्या हाती ते कधी लागले नाहीत.

त्याने आजोबांना विचारले का नाही, असे मी म्हणालो. त्याचे उत्तर माझ्या मनात राहिले आहे. “आजोबा रोज जेवताना मला टकल्या म्हणतात. त्यांना कसं सांगणार?”

आजोबांचे नातवावर जिवापाड प्रेम होते. ते चिडवत होते लाडानेच. पण ज्या विषयाची घरात चेष्टा होते, त्या विषयाचा निर्णय मनुष्य चोरून घेतो, आणि चोरून घेतलेले औषध हे सर्वांत धोक्याचे औषध असते.

गोळ्या बंद झाल्या, चार-पाच दिवसांत चक्कर थांबली. खरे बोलणे त्यानंतर सुरू झाले. लग्नापूर्वी कर्ज काढून केशरोपण करून घ्यावे असे त्याच्या मनात होते. हप्त्यांची सोय होती, आगाऊ रक्कमही ठरली होती. मी त्याला सर्व मार्ग एकेक करून सांगितले. तेच आपल्यालाही सांगतो.

पहिला मार्ग मिनॉक्सिडिलचा. हे मुळात रक्तदाबाचे औषध. १९७९ साली अमेरिकेत ते गोळीच्या रूपात मान्य झाले आणि घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले. त्यावरून डोक्याला लावायचे द्रावण तयार झाले आणि १९८८ साली ते टकलासाठी मान्य झाले. पुरुषांना सामान्यतः ५ टक्क्यांचे द्रावण दिवसातून दोनदा, कोरड्या डोक्याला लावायला सांगतात. पहिल्या काही आठवड्यांत केस उलट अधिक गळतात. जुने केस नव्यांना वाट करून देत असतात, पण पुष्कळ जण येथेच घाबरून औषध सोडतात. फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात आणि खरा हिशेब वर्षाने करायचा. टाळूवर ते कपाळापेक्षा बरे काम करते. खाज, कोंडा, क्वचित धडधड असा त्रास होऊ शकतो. घरात तान्हे मूल असेल तर लावलेले डोके व हात त्याच्या अंगाला लागू देऊ नयेत, आणि मांजर असेल तर फारच जपावे, कारण मांजराला हे औषध प्राणघातक ठरू शकते. आणि मुख्य गोष्ट: औषध थांबवले की काही महिन्यांत मिळवलेले केस परत जातात.

दुसरा मार्ग फिनास्टेराइडचा, अर्थात डॉक्टरांनी लिहून दिलेल्या १ मिलिग्रॅमच्या गोळीचा. १८ ते ४१ वर्षे वयाच्या १,५५३ पुरुषांवर झालेल्या चाचण्यांत दोन वर्षांनंतर औषध घेणाऱ्या शंभरांपैकी ८३ जणांच्या केसांची संख्या घटली नव्हती. निरौषध गोळी घेणाऱ्यांत असे शंभरांपैकी २८ होते. औषध गुणकारी आहे यात शंका नाही. त्याच चाचण्यांत कामेच्छा वा लैंगिक क्षमता कमी झाल्याची तक्रार औषध घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे चार जणांनी आणि निरौषध गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी सुमारे दोघांनी केली. बहुतेकांचा त्रास औषध बंद केल्यावर गेला. तथापि काहींच्या बाबतीत तो नंतरही राहिल्याच्या नोंदी आहेत आणि अमेरिकेत २०१२ पासून तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०२५ साली आत्महत्येचे विचार येणे हा या औषधाचा संभाव्य दुष्परिणाम असल्याचे मान्य केले. हे वाचून कोणी घाबरून जाऊ नये. पण ज्याला पूर्वी नैराश्य येऊन गेले आहे त्याने ते डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे, आणि औषध चालू असताना मन खचू लागले तर गोळी थांबवून त्वरित भेटले पाहिजे. रक्तदान करण्यापूर्वीही या गोळीचा उल्लेख करावा.

ज्येष्ठ वाचकांसाठी येथेच एक सूचना. फिनास्टेराइडने रक्तातील पीएसएचा आकडा कालांतराने सुमारे निम्मा होतो. प्रोस्टेटच्या कर्करोगाच्या शंकेने ही तपासणी करतात. ही गोळी चालू असताना आलेला ‘कमी’ आकडा खरोखर कमी असेलच असे नाही. म्हणून तपासणीच्या वेळी आपण कोणत्या गोळ्या घेतो हे सांगावे. तसेच घरातील तरुण मंडळी केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या आणतात आणि आजीलाही देतात. शरीरात बायोटिनची कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी केस वाढतात असा भरवशाचा पुरावा नाही. उलट मोठ्या मात्रेतील बायोटिनमुळे थायरॉइडची आणि हृदयविकारात करतात ती ट्रोपोनिनची तपासणी चुकीची येऊ शकते. छातीत दुखू लागल्यावर रुग्णालयात गेलात तर ही गोळी सांगायला विसरू नका.

तिसरा मार्ग केशरोपणाचा. मानेवरच्या टिकाऊ पट्ट्यातील केस मुळासकट काढून पुढे लावतात. ते केस आपला मूळ स्वभाव टिकवतात, म्हणून टिकतात. परंतु तीन गोष्टी जाहिरातीत बारीक अक्षरांत असतात. लावलेले केस पहिल्या महिन्यात बहुधा गळतात, तीन-चार महिन्यांनी उगवू लागतात आणि पूर्ण परिणाम दिसायला साधारण वर्ष लागते. साडेचार महिन्यांवर लग्न असलेल्या माझ्या रुग्णाला लग्नाच्या फोटोत त्यातले फारसे काही दिसणार नव्हते. दुसरे, शेजारचे मूळचे केस गळायचे थांबत नाहीत. विशीत पुढचा भाग भरून घेतला आणि पस्तिशीत मागचे केस गेले तर भरलेला भाग बेटासारखा उरतो. तिसरे, मानेवरचा साठा मर्यादित असतो, एकदा उधळला की पुन्हा मिळत नाही.

शिवाय ही शस्त्रक्रिया आहे. मार्च २०१९ मध्ये आमच्या शेजारच्या चिंचपोकळीतील एका केंद्रात ४३ वर्षांच्या एका व्यावसायिकाने एकाच बैठकीत नऊ हजारांहून अधिक केशमुळे बसवून घेतली. बारा तासांहून अधिक चाललेल्या या प्रक्रियेनंतर दोन-अडीच दिवसांत त्यांचा मृत्यू झाल्याचे वृत्त तेव्हा सर्व वर्तमानपत्रांत आले होते. तीव्र ॲलर्जीची प्रतिक्रिया हे संभाव्य कारण म्हणून सांगितले गेले. असे क्वचित घडते, पण घरी जाणारा माणूस डोळ्यांपुढे आणला की ‘क्वचित’ हा शब्द पुरत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने केशरोपणासंबंधी मार्गदर्शक सूचना काढल्या. शस्त्रक्रियेचे रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरनेच ती करावी, व्हिडिओ पाहून शिकलेल्याने करू नये, असे त्यांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून चौकशी करताना दर विचारण्याआधी विचारावे: हात कोणाचा असेल, त्याची पदवी कोणती, एका बैठकीत किती केस, भूलीची जबाबदारी कोणावर, आणि काही बिघडले तर नेणार कोठे?

आणखी एक गोष्ट सर्वांना ठाऊक असावी. आपल्या देशातील औषधविषयक नियमांच्या ‘जे’ परिशिष्टात, ज्या विकारांवर औषध बरे करण्याचा दावा करता येत नाही त्यांच्या यादीत टक्कल आहे. म्हणजे ‘टक्कल कायमचे घालवा’ असे छापलेली बाटली दिसली तर ती पहिल्याच ओळीत नियम मोडते.

चौथा मार्ग आहे काहीही न करण्याचा. तो हार मानण्याचा मार्ग नाही. आनुवंशिक टक्कल हा जिवाला धोका असलेला आजार नाही. उपचार हा ज्याच्या त्याच्या इच्छेचा प्रश्न आहे. केस बारीक कापणे, डोके तासून घेणे, दाढी राखणे हेही निर्णयच आहेत. तरुणपणी टाळूवर टक्कल पडणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण काहीसे जास्त असल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. टकलामुळे हृदयविकार होतो असा त्याचा अर्थ नाही. पण अशा तरुणाचा रक्तदाब, कमरेचा घेर, साखर आणि चरबी मी आवर्जून पाहतो. केसांच्या निमित्ताने तो दवाखान्यात आला, हा लाभ सोडू नये.

माझ्या रुग्णाने काय ठरवले? मी त्याला महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयातील त्वचारोग विभागात पाठवले. तेथे निदान पक्के झाले. एकांतात त्याने सांगितले होते की दोन वर्षांपूर्वी नोकरी गेली तेव्हा त्याला नैराश्य आले होते आणि त्याने उपचार घेतले होते. घरात कोणालाही याची कल्पना नव्हती. त्यामुळे फिनास्टेराइड नको असे त्याचे आणि तेथील डॉक्टरांचे ठरले. त्याने मिनॉक्सिडिल सुरू केले, महिन्याला काही शे रुपयांचे. केशरोपणाची आगाऊ रक्कम भरली नाही. नंतर त्याने होणाऱ्या बायकोला सर्व सांगून टाकले. ती म्हणाली, “पहिल्या भेटीतच दिसलं होतं की. मी काही आंधळी नाही.” लग्न ठरल्या मुहूर्तावर झाले. दीड वर्षाने त्याच्या टाळूवर थोडी दाट लव आली आहे, कपाळ मात्र आहे तेथेच आहे. तो समाधानी आहे. आजोबांना मी एवढेच सांगितले की नातवाला नावाने हाक मारा. कारण विचारल्याशिवाय त्यांनी ते ऐकले.

वडीलधाऱ्यांनी यातून घ्यायचे काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्या गोळ्या आपल्या ताब्यात ठेवा आणि महिन्यातून एकदा मोजा. नातवाचे केस विरळ दिसले तर चारचौघांत बोलू नका; वाटलेच तर एकांतात एकदा विचारा, “तुला याचा त्रास होतो का?” तो नाही म्हणाला तर विषय मिटला. हो म्हणाला तर त्याला डॉक्टरांकडे जाऊ द्या आणि आत एकट्यानेच बसू द्या, कारण काही गोष्टी आजीच्या देखत सांगता येत नाहीत. सहा महिन्यांच्या आत निकाल मागू नका. लग्नासाठी म्हणून उपचार सुचवू नका. जो उपचार वर्षानुवर्षे चालवायचा तो एका मुहूर्तासाठी सुरू करणे योग्य नाही. मोठ्या खर्चाची गोष्ट निघाली तर पैसे देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला सोबत चला.

केसांचे काय करायचे हे त्याने ठरवावे. ते त्याला उजेडात, घाई न करता आणि लाज न वाटता ठरवता यावे एवढी जागा घरात ठेवणे हे आपले काम आहे, आणि त्याला कोणत्याही दुकानात औषध मिळत नाही.